बाय, तू तो मासा का मागितलास?

बाय, रडायचं सोडून मी तुझ्याशी भांडायला बसले आहे.

घरात माणसं होती तोवर रडून झालं. काल शेवटचे पाहुणे मालवणच्या वाटेला लागले, हे गुरं घेऊन वर गेले, आणि रिकाम्या ओटीवर बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आता मला रडू येत नाही. मला तुला विचारायचं आहे. तू असताना विचारायला हवं होतं, तेव्हा धीर झाला नाही. तू तो मासा का मागितलास?

वाडीत सगळे एकमेकांना हेच विचारताहेत. विहिरीवर बायका बोलत असतात आणि मी कळशी घेऊन पोचले की गप्प होतात. त्यांना वाटतं, शालूला ठाऊक असणार. तुझ्या भावालाही तसंच वाटतं. परवा जेवताना हे म्हणाले, "तू दिवसभर तिच्यासोबत असायचीस, तुला काहीतरी बोलली असेल की." मी भात कालवत राहिले. मला काय ठाऊक आहे? या घरात आल्यापासून मी तुझ्या मागून व्हाळावर जात आले, तुझी बाजू घेऊन लोकांशी बोलत आले, आणि आता तुझी बाजू कोणती होती हेच मला कळेनासं झालं आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू माहेरी परत येऊन काही वर्षं झाली होती. मी मालवणची, बंदरावरची. वडिलांचं सुक्या मासळीचं दुकान. मला 'गाव' म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. शहरापासून तासाभराच्या चालीवर एवढी झाडी असते आणि त्या झाडीतून असा व्हाळ वाहतो, हेही नव्हतं. नवऱ्याची मोठी बहीण म्हणून मी तुला 'तुम्ही' म्हणायला लागले, तर तू पहिल्याच आठवड्यात तोडलंस. "गो, तुमी-बिमी करू नको. माका तू म्हण. तुमी म्हटलंस काय माका म्हातारी झाल्यासारख्या वाटता." सासूबाईंना ते आवडलं नाही. पण सगळी वाडीच तुला 'बाय' आणि 'तू' म्हणत होती, तिथं मी एकटी किती वेगळी राहणार?

कपडे धुवायला तू मला सरळ धोंडीवर नेलं नाहीस. आधी वर नेलंस, सातविणीच्या झाडाखालच्या कोंडीपाशी. तिथं व्हाळ दोन मोठ्या कातळांमधून उतरतो आणि खाली खोल, हिरवा, जवळजवळ न हलणारा होतो. "पाय सोड पाण्यात," म्हणालीस. "हालू नको. बोलू नको." मी बसले. थोड्या वेळानं पायांना गुदगुल्या झाल्या. बोटभर लांबीचे मळये मासे, चांदीच्या खिळ्यांसारखे, माझ्या टाचा टोचत होते. मी ओरडले, तशी सगळे पळाले, आणि तू हसलीस. बाकीच्यांसमोर तू तशी हसत नसायचीस. मग पदराच्या गाठीतून सकाळच्या पेजेतली शितं काढून पाण्यावर टाकलीस, एक बोटांत धरून ठेवलंस. खालच्या अंधारातून एक मोठा मासा वर आला. अंगावर रुपयाएवढी खवलं, कडेला सोनेरी, शेपटीला लाल. इथं त्याला खडस म्हणतात हे मला तेव्हा कळलं. त्यानं तुझ्या बोटांमधून शीत उचललं आणि परत खाली गेला, घाईबिई काही नाही.

मी समुद्राकडची. आमच्या घरात गोड्या पाण्यातल्या माशाला कुणी मासाच म्हणत नसे, चिखलाचा वास येतो म्हणत. पण आमच्या घरात आलेले सगळे मासे मेलेले होते. जिवंत मासा माणसाकडे बघतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर तू मला किती काय दाखवलंस. खंड्याचं मातीतलं बीळ. धनेशाची जोडी उंबरावर आली की आधी पंखांचा आवाज येतो, मग पक्षी दिसतो. थंडीच्या एका सकाळी पाणमांजरांचं कुटुंब कातळावर ऊन खात पडलं होतं आणि पिल्लं एकमेकांना पाण्यात ढकलत होती. आपण दोघी करवंदीच्या जाळीआड गुडघे दुखेपर्यंत बसलो. ती तुझेच मासे खाऊन सुस्तावली होती. मी विचारलं, "ही खातात ते चालतं होय तुला?" तू म्हणालीस, "पोट भरला काय ती जातत. आमचा खंय भरता?"

तू मासे खात नव्हतीस. हे सगळ्यांना माहीत होतं, पण का, याची दोन उत्तरं होती. एक असं, की तुझा नवरा गेल्यावर तुझ्या सासूनं तुला सोडायला लावले आणि तू माहेरी आल्यावरही ते पाळलंस. दुसरं तू स्वतः मला सांगितलंस, एकदाच, सोलं वाळत घालताना, अगदी सहज. तुझा नवरा मचव्यावर तांडेल होता. वेंगुर्ल्याहून कौलं भरून निघालेला मचवा मुंबईला पोचलाच नाही, आणि कुणाचंच काही हाती लागलं नाही. "मगे समुद्रातलो मासो घशाखाली कसो जातलो गो?" म्हणालीस. मी पुढं काही विचारलं नाही. मग व्हाळातला का खात नाहीस, हे विचारायला हवं होतं का? त्या माशानं तर समुद्र पाहिलाही नव्हता.

घरातलं माशांचं तिखलं मात्र तूच करायचीस. तिरफळं ठेचून, सोलं घालून, ओल्या नारळाचं वाटण. चाखायची नाहीस. वाफेवर नाक धरून मीठ बरोबर आहे की नाही ते सांगायचीस, आणि ते कधी चुकलं नाही. मला तेव्हा ते कौतुकाचं वाटायचं. आता त्या वाफेवर वाकलेल्या तुझ्या चेहऱ्याची आठवण येते आणि माझा गोंधळ होतो. ती फक्त मिठाची पारख होती का गो?

आपल्या वाडीशी तुझं भांडण व्हायचं ते दर मिरगात. व्हाळ फुगला की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात, थेट भाताच्या खाचरांपर्यंत. पोटं अंड्यांनी टम्म. लोक बांधाच्या तोंडाशी बांबूच्या टोपल्या लावायचे आणि त्या भरभरून घरी आणायचे. चढणीचे मासे म्हणजे घराघरात सण. तुझ्या भावालाही ती अंड्यांची गाभोळी म्हणजे जीव की प्राण. आणि तू डोक्यावर इरलं घेऊन बांधाबांधावरून फिरायचीस आणि टोपल्या काढायला सांगायचीस.

तातूचं बांधावरचं उत्तर मला अजून ऐकू येतं. तातू तुझ्याच वयाचा, लहानपणी तुझ्यासोबत पोहायला शिकलेला, आणि सगळ्या वाडीत तुझ्याशी सगळ्यात जास्त भांडणारा. "बाय, वर्सातसून एकदा गावता आमका. ता पण खावक दिवचंस नाय?"

"खा मरे," तू म्हणालीस. "उतरतानाचो खा. चढतलो खातंस तो मासो नाय. पुढल्या वर्साचो व्हाळ खातंस."

मग तातूनं ते वाक्य टाकलं. "सोताक खावक गावना नाय, म्हणान दुसऱ्याच्याय तोंडातलो काढता ही."

बांधावरची माणसं हसली. तू इरलं सावरून निघालीस. वाटेत मी रागानं बडबडत होते आणि तू चिखलातून पाय उचलत पुढं चालली होतीस. घरी आलो तर तुझा भाऊ मागच्या दारी टोपली लपवत होता. तू ती टोपली पाहिलीस, त्याच्याकडे पाहिलंस, आणि म्हणालीस, "साफ करून दी. कुजतले." आणि त्याच्यासाठी ते शिजवून वाढलेस. पुढं कितीतरी दिवस तू त्याच्याशी बोलली नाहीस, पण वाढलेस.

नारळी पौर्णिमेची गोष्ट माझी होती, हे तू नेहमी सगळ्यांना सांगायचीस, म्हणून मीही सांगते. आमच्या बंदरावर पावसात होड्या ओढून वर ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय कुणी पाण्यात घालत नाही. मी तांदूळ निवडता निवडता म्हटलं, "आमचे लोक एवढा मोठा समुद्र बंद ठेवतात, तुमचा हातभर व्हाळ का नाही ठेवता येत?" तू सूप खाली ठेवलंस. "ह्या तू आधी कित्याक सांगूक नाय?" म्हणालीस, जणू मी इतकी वर्षं काही दडवून ठेवलं होतं.

पण ऐकणार कोण? रस्त्याचं काम आलं नसतं तर कुणी ऐकलंही नसतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराला आपल्या वरच्या अंगाला सडक काढायला सुरुवात झाली. ठेकेदाराची माणसं कातळ फोडायला सुरुंगाचे तोटे वापरत. एका सुट्टीच्या दिवशी ती माणसं खालच्या डोहात तोटा टाकून गेली. आपण गेलो तेव्हा पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. हवे ते त्यांनी नेले होते, आणि बोटभर पिल्लं, खेकडे, बेडूक, सगळं तसंच टाकलं होतं. तू पाण्यातून एकेक उचलून काठावर ठेवत होतीस. कशासाठी, कोण जाणे. मी धरून उठवलं तेव्हा उठलीस.

पुढच्या सुट्टीला ते सातविणीच्या कोंडीवर आले. मी कपड्यांची टोपली घेऊन तुझ्या मागं होते. मुकादमाच्या हातात तोटा होता आणि दोघं गडी पोती घेऊन उभे होते. तू त्यांच्याशी एक शब्द बोलली नाहीस. त्यांच्या बाजूनं गेलीस आणि लुगड्यासकट पाण्यात उतरलीस. गळ्याइतक्या पाण्यात, बुडालेल्या कातळावर जाऊन बसलीस.

"ओ बाई, वर या. वात पेटवायचीय."

"पेटव," तू म्हणालीस.

"तुमच्या बापाचा ओढा हाय का?"

"माज्या बापाचो नाय. तुज्याय बापाचो नाय. मी हय बसलंय. घाल तोटो."

पाण्यात उतरून तुझ्याशेजारी बसणं मला सुचलंच नाही. मला सुचलं ते धावणं. वाडीच्या तोंडाशी तातू काजूची झाडं साफ करत होता. त्याला म्हटलं, "बाय कोंडीत बसली आहे आणि तो माणूस तोटा टाकतोय." तातू कोयत्यासकट धावत सुटला. वाटेत त्यानं हाका घातल्या तशी आणखी माणसं आली. मुकादम अजून तिथंच होता, तोटा हातात, चेहरा रडवेला. त्यालाही बहुतेक कळत नव्हतं आता काय करायचं. तातू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाय आमची. तिच्याशी भांडूचा तर आमी भांडतलव. तू कोण?"

बाय, मला अजून हसू येतं. गळ्याइतक्या पाण्यात थरथरत बसलेली तूही हसलीस.

त्यानंतर देवळात बैठक झाली. माझं म्हणणं होतं, आणि बऱ्याच जणांचं होतं, की कोंड देवीची म्हणून जाहीर करावी. देवीच्या राईतलं वाळलं लाकूडही कुणी उचलत नाही, मग देवीच्या कोंडीतला मासा कोण उचलेल? सगळं एका दिवसात मिटलं असतं. आणि तूच नको म्हणालीस.

"देवीचा नाव नको गो. आज देवीचा म्हणतले, आनी उद्या नारळ ठेवून, गाराणा घालून, देवीकडसून कौल घेवन मासे काढतले. देव कौल दिता. मी दिवचंय नाय."

मी घरी येऊन तुझ्याशी भांडले. म्हटलं, कोंड वाचल्याशी कारण, कुणाच्या का नावानं वाचेना. तू म्हणालीस, "तुका कळाचा नाय." ते मला लागलं. मी म्हटलं, "मग कळेल असं सांग." तू चूल फुंकत राहिलीस. हे भांडण आपलं अधूनमधून निघत राहिलं आणि एकदाही पुरं झालं नाही.

शेवटी कुणाच्याच नावानं नाही, नुसतं ठरलं. कोंडीत कधीच धरायचं नाही, आणि बाकी व्हाळात नारळी पौर्णिमेपर्यंत टोपली लावायची नाही. लोकांनी ते कुरकुरत पाळलं. कुणीकुणी मोडलंही. पण व्हाळ भरत गेला, हे खरं. सुट्टीला मालवणातून मास्तर मुलांना घेऊन चालत यायचे, पोरं काठावर ओळीनं पालथी पडून पाण्यात बघायची आणि तू त्यांना दटावायचीस, "बोलू नको, हालू नको." माझे वडील थकले होते तेव्हा बैलगाडीतून आले आणि कोंडीपाशी बसून म्हणाले, "अगे, सगळा जन्म माशांत गेलो माजो, पण असो बसान मासो बघूक नाय कधी."

आणि मग हा पावसाळा गेला आणि तुझे पाय सुजले. मालवणच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलं. दिवाळीनंतर ते पुन्हा आले, बाहेर येऊन ह्यांच्याशी हळू बोलले, आणि जाताना मला म्हणाले, "आता त्या मागतील ते द्या."

त्या संध्याकाळी तुला बघायला वाडीतली माणसं आली होती. तातूही होता, दाराशी उकिडवा बसलेला. मी तुला विचारलं, काय खावंसं वाटतं? मला वाटलं होतं, तू फणसाची साठं म्हणशील, नाहीतर घावणे. तू म्हणालीस, "माका मासो व्हयो."

हे पुढं आले. "खंयचो व्हयो? सुरमय? सकाळी मालवणसून हाडतंय."

"समुद्राचो नको. कोंडीतलो."

तुझा आवाज खोल गेला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. मी तातूकडे बघितलं. मला वाटलं, तो आता बोलणार ते जुनं वाक्य. तो खाली बघत उठला आणि गेला.

सकाळी हे कोंडीवर गेले. गळ नेला नाही, जाळं नेलं नाही, नुसता खांद्यावरचा पंचा. परत आले तेव्हा कमरेपर्यंत भिजले होते आणि पंचात हातभर लांबीचा खडस होता. मागच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखं तोंड करून म्हणाले, "तो पळाकय नाय गो. पंचो खाली धरलंय, आनी तो आपणच इलो."

तो मासा मी साफ केला, बाय. बसण्याआधी विळी दोनदा धुतली. सुक्या मासळीच्या दुकानात वाढलेली मी, मला मासा साफ करताना कधी काही वाटलं नव्हतं. तुझ्याच पद्धतीनं तिरफळं ठेचून तिखलं केलं. मीठ अगदी बोटाच्या टोकाएवढं घातलं. तुला टेकवून बसवलं आणि भात कालवून भरवायला लागले, तर तू माझा हात बाजूला केलास आणि स्वतः खाल्लंस. मला वाटलं होतं, एक घास जिभेला लावशील आणि पुरे म्हणशील. तू सगळं खाल्लंस. काटे चोखलेस. डोकं फोडून आतलं खाल्लंस, सवयीच्या माणसासारखं, जणू कालपरवापर्यंत खात होतीस. आणि म्हणालीस, "मीठ कमी पडला."

त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस.

दहाव्याला पिंड ठेवायला पुरुष व्हाळाच्या काठी गेले. वाडीत सगळ्यांना खात्री होती की कावळा शिवायचा नाही. बाय म्हणजे हट्टी, ती अडून बसणार, कोंडीचं वचन घेतल्याशिवाय सोडणार नाही. हे मनात वाक्यही जुळवून गेले होते. पण ह्यांनी मागं सरून हात जोडायच्या आतच कावळा आला आणि पिंड उचलून गेला. कुणाला एक शब्द बोलायला मिळाला नाही. हे घरी आले ते गोंधळलेलेच. "तिची कायच इच्छा रवाक नाय?" मला म्हणाले. मला काय ठाऊक? तुझी इच्छा त्या माशानं पुरी झाली होती, की कावळ्याला भूक लागली होती?

मग ते सुरू झालं, ज्याची मला भीती होती. "बायन सोता खाल्ल्यान, आता आमका कोण अडवता?" आधी पोरं बोलली, मग मोठी माणसं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बोलावली. मी बायकांमध्ये मागं बसले होते. एकजण उठून म्हणाला की नियम बायचा होता, बायनंच मोडला, तेव्हा तो संपला. पुष्कळांनी माना हलवल्या. खरं सांगू, तो चूक बोलत होता असं मला छातीठोक म्हणता येत नव्हतं.

तातू उठला. मला वाटलं, संपलं आता.

"माका वाटलेला," तो म्हणाला, "हिका चवच म्हायत नाय, म्हणान हिका सोपा आसा. मी तिका बांधार सगळ्यांच्या म्होरे बोललंय तसा. त्या दिवशी तिना मासो मागल्यान तेवा माका समाजला. चव म्हायत आसतानाच तिना इतकी वर्सा तोंड बंद ठेवल्यान. आनी मरताना एक खाल्ल्यान. एकच. तुमी आमी कोण ठेवतलो तसा?"

मग देवळातल्या जुन्या माणसांपैकी एकानं म्हटलं, की आता तरी कोंड देवीला देऊन टाकूया, म्हणजे पुढं वाद नको. आणि सगळे माझ्याकडे वळले. "वयनी, तुमचा म्हणणा काय?"

बाय, मी पुरुषांच्या बैठकीत कधी बोलले नव्हते. आणि विचारत होते नेमकं तेच, ज्यावरून मी तुझ्याशी भांडत आले होते. माझं स्वतःचं मत तर त्यांच्याच बाजूचं होतं! मी उभी राहिले आणि तोंडातून आलं ते तुझं. "बायला देवीचं नाव नको होतं." का, ते मला सांगता आलं नाही. तेवढंच बोलून मी खाली बसले.

"मगे कोणाचा नाव घालूचा?" कुणीतरी विचारलं. "बायचा?"

"तिका नाय आवडाचा," तातू म्हणाला. त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "आमचाच घाला. मोडली तर आमीच मोडली."

तसं ठरलं. टिकेल का, ते मला ठाऊक नाही. लोक तुझं भलंच बोलत घरी गेले. म्हणाले, बायनं मुद्दाम केलं, जाताजाता सगळ्यांना शहाणं केलं. मला ते पटत नाही. मी तुझ्यासमोर बसले होते. काटा चोखताना तुझ्या डोळ्यांत कुणाला शहाणं करायचं काही नव्हतं. तिथं फक्त भूक होती, आणि मला ती बघवत नव्हती. पण मग तातू म्हणाला ते खोटं का? तेही खोटं वाटत नाही.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. ह्यांनाही नाही. जेवण झाल्यावर मी तुझे हात पुसत होते. घरात आपण दोघीच होतो. तू मला विचारलंस, "तुका राग नाय इलो?"

मी म्हटलं, "नाय गो."

तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "येवक व्हयो होतो."

मी तेव्हा विचारलं नाही, कुणाचा राग, कशाचा. तुला थकवा आला होता. आता दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यात फिरतं. माशासाठी यायला हवा होता का? तू तुझाच नियम मोडलास म्हणून? की मी तू म्हणशील ते करत आले, धरून आणलेला मासा निमूटपणे शिजवलादेखील, म्हणून?

आज सकाळी मी धुणं घेऊन एकटीच गेले. घरोघर डासांचं औषध फवारणारी माणसं गावात आली आहेत. त्यांतला एक कोंडीच्या काठावर पंप उघडून बसला होता, आतलं उरलेलं पाण्यात ओतायच्या बेतात. बिचारा पंप धुवायलाच आला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला नीट समजावून सांगू शकले असते. पण माझ्या तोंडून आवाज निघाला तो असा, की खाली धोंडीवर कपडे आपटणाऱ्या बायकांचे हात थांबले. "ए! उचल तो पंप! आधी उचल!" मी वाकून धोंडाही उचलला होता, बाय. तो माझ्या हातात होता, हे तो माणूस घाबरून मागं सरकला तेव्हा मला कळलं.

हाच का गो तो राग? की तो तुझ्यावरचा होता आणि त्या बापड्यावर निघाला? मला कळत नाही. मी धोंडा खाली ठेवला.

तो पंप उचलून वर निघून गेला. जाताना मला म्हणाला, "कोंड तुमची काय, वयनी?"

मी म्हटलं, "होय, माझी."